एक्स-रेची गाडी आणि तिच्यातल्या बाया



घरात कुणी घसरून पडलं, हात सुजला, की डॉक्टर म्हणतात, "आधी फोटो काढून आणा." हा एक्स-रेचा फोटो जखमी माणसापर्यंत पोचवायला बायका कशा पुढे आल्या, ते आज आपण पाहू या.

जर्मनीतल्या विल्हेल्म राँटगेन यांना १८९५ साली हे किरण सापडले. त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला, तेव्हा बोटांची हाडं आणि बोटातली अंगठी स्पष्ट दिसली. हे किरण मांसातून आरपार जातात. हाड आणि धातू त्यांना अडवतात. म्हणून त्यांची सावली उमटते.

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. सैनिकाच्या अंगात गोळी नेमकी कुठे रुतली आहे, हे न कळता डॉक्टर जखम उकरत. यंत्रं होती ती मोठ्या शहरांत, आणि जखमी पडलेले आघाडीवर. तेव्हा फ्रान्समध्ये राहणाऱ्या मारी क्युरी यांनी ठरवलं, की यंत्रच जखमीकडे न्यायचं. दोन नोबेल मिळवलेली ही बाई कामाला लागली. पहिल्या गाडीसाठी तिथल्या एका महिला संघटनेने पैसा दिला. मोटारीच्या इंजिनावर डायनॅमो फिरवून वीज तयार केली. अशा वीसेक गाड्या उभ्या राहिल्या. लोक त्यांना 'छोट्या क्युरी' म्हणू लागले. मारी स्वतः गाडी चालवायला शिकल्या, चाक बदलायलाही शिकल्या.

सोबत त्यांची लेक इरेन होती, जेमतेम सतरा-अठरा वर्षांची. गोळी किती खोल आहे याचं गणित ती मोठमोठ्या डॉक्टरांना समजावून सांगे.

पण दोघींनी किती ठिकाणी पुरं पडायचं? मग त्यांनी सुमारे १५० बायकांना हे काम शिकवलं. सगळ्यांचं शिक्षण सारखं नव्हतं. तरी थोडं गणित, थोडं शरीरशास्त्र आणि यंत्राची ओळख एवढ्यावर त्या काही आठवड्यांत तयार झाल्या. युद्ध संपेपर्यंत या गाड्यांत आणि दवाखान्यांतल्या एक्स-रे खोल्यांत मिळून दहा लाखांहून जास्त तपासण्या झाल्या.

या कामात किरणांपासून संरक्षण मात्र अपुरं होतं. पुढे मायलेकी दोघींनाही रक्ताच्या आजाराने गाठलं. मारी १९३४ साली गेल्या, इरेन १९५६ साली. दोघींनी आयुष्यभर किरणोत्सारी पदार्थही हाताळले होते. किरणांचा धोका अशा माणसांच्या अनुभवातून जगाला उमगत गेला, आणि संरक्षणाचे नियम कडक होत गेले.

म्हणून सांगतो, डॉक्टरांनी सांगितलेल्या एक्स-रेला घाबरू नका. त्यात किरणांची मात्रा थोडी असते. पण दिवस गेले असतील, किंवा तशी नुसती शंका असेल, तरी फोटो काढण्याआधी मोकळेपणाने सांगा. आणि फोटो हातात आला, की "यात काय दिसतंय?" असं जरूर विचारा. त्या १५० जणींना जे समजलं, ते आपल्यालाही समजेल.