सहाशें ठशांची अडचण

माझी एक वृद्ध मावशी गेल्या वर्षीं कांहीं महिने आमच्याकडे राहावयास आली होती. शिक्षण मराठी चौथीपर्यंतचें. पण पोथी, पत्रें, वर्तमानपत्र, सारें स्वच्छ वाचणारी. इंग्रजी अक्षर मात्र तिला एकहि येत नाहीं. तिच्या औषधांच्या पुड्यांवर दवाखान्यांतून जें लेबल चिकटवून येई, त्यावर नांव, मात्रा, वेळ, सर्व मजकूर रोमन लिपींत असे. तेव्हां तिनें स्वतःचीच एक लिपि काढली: सकाळच्या पुडीवर पेन्सिलीनें सूर्य, रात्रीच्या पुडीवर चंद्रकोर. एकदां पेन्सिलीचा सूर्य पुसला गेला आणि दोन दिवस सकाळची गोळी रात्रीं घेतली गेली. सुदैवानें अनर्थ झाला नाहीं. मीं दवाखान्यांत जाऊन विचारलें, तेव्हां तेथील तरुण मोठ्या नम्रपणें म्हणाला, "सर, हें मशीन मराठी घेत नाहीं." माझी खात्री पटावी म्हणून त्यानें 'विठ्ठल' एवढें एकच नांव टाइप करून लेबल काढून दाखविलें. त्यावर अठरा चिन्हें होतीं. सहा वेळां ग्रीक आल्फा, प्रत्येक आल्फामागें डोक्यावर नागमोडी रेघ असलेला स्पॅनिश 'एन्', आणि मधून मधून चौकटींचे तुकडे. विठ्ठल कोठेंहि नव्हता.

तो तरुण खोटें बोलत नव्हता. त्याचें वाक्य मात्र चारशें वर्षांचें जुनें आहे. गोमंतकांतील साष्टी प्रांतांत राहून मराठीवर असामान्य प्रभुत्व मिळविणारा इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यानें १६०८ सालीं रोमला आपल्या संघाच्या मुख्यास एक पत्र लिहिलें. या देशाच्या भाषेंत आणि देशाच्याच लिपींत पुस्तकें छापावीं, ही आपली अनेक वर्षांची इच्छा त्यानें त्यांत कळविली आहे, व ती पुरी कां होत नाहीं याचें कारणहि दिलें आहे. युरोपांत चोवीस ठशांवर काम भागतें. येथें ठशांची संख्या सहाशेंवर जाते! अखेर १६१६ सालीं राचोल येथें त्याचें 'क्रिस्तपुराण' छापून निघालें तें रोमन लिपींत. ओवी मराठी, पेहराव परका. स्टीफन्ससारख्या मराठीच्या प्रेमिकालाहि जी तडजोड करावी लागली, तीच तडजोड आज दवाखान्यांतील काउंटरवर चालू आहे. फरक एवढाच, कीं स्टीफन्सला तिचें दुःख होतें.

पुढें ही अडचण दोन मार्गांनीं सुटली. एक मार्ग शिळाछापाचा. गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं मुंबईस मराठी पंचांग शिळेवर छापलें. शिळेला अक्षरांची मोजदाद ठाऊक नसते. लेखकानें जें काढलें तें ती उठविते, मग तें 'क' असो कीं गणपतीचें चित्र असो. दुसरा मार्ग खिळ्यांचा, आणि तो कष्टाचा. जावजी दादाजींनीं १८६४ मध्यें टाइप पाडण्याचा कारखाना घातला, १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला, आणि राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कसबी कारागिराच्या हातून असे ठसे कोरविले, कीं निर्णयसागरचें पान पाहून आजहि डोळे निवतात. सहाशें ठसे अशक्य आहेत हें त्यांना बहुधा कोणीं सांगितलेंच नसावें.

तथापि प्रत्येक नव्या यंत्राबरोबर जुना प्रश्न परत आला. जुळाऱ्याच्या केसमधील खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांनीं डोकें खपविलें. हरि गोविल यांनीं १९३३ मध्यें देवनागरी लायनोटाइप सिद्ध केला, तेव्हां नव्वद कळांच्या फळ्यावर आमची बाराखडी बसविण्याची कसरत त्यांना करावी लागली. सावरकरांनीं तर 'इ', 'उ' यांना रजा देऊन 'अ'लाच वेलांटी व उकार देण्याचें सुचविलें. कित्येक मासिकांनीं तें वर्षानुवर्षें पाळलें. या मंडळींना मी दोष देत नाहीं. छापखान्याचा खर्च खरा होता. पण या सर्व खटपटींत यंत्र जागचें हललें नाहीं. अंग चोरून घ्यावें लागलें तें लिपीला.

आतां लेबल छापणाऱ्या या प्रिंटरकडे वळूं. याला शाई लागत नाहीं. याच्या छापणाऱ्या पट्टींत सुईच्या अग्राएवढे तापणारे बिंदु ओळीनें बसविलेले असतात, सामान्यतः दर मिलिमीटरास आठ. त्यांच्याखालून सरकणारा कागद उष्णतेनें काळा पडतो. (असा कागद उन्हांत ठेवला तर मजकूर फिका होतो, म्हणून औषधाची पुडी खिडकींत ठेवूं नये.) यंत्राच्या पोटांत अक्षरांचीं रूपें आधींच भरलेलीं असतात, म्हणजे ही जुळाऱ्याची केसच. तिचे खण किती? १९६३ च्या अमेरिकन 'आस्की' संकेतांत १२८. १९८१ मध्यें आय.बी.एम्.च्या संगणकाबरोबर जें ४३७ क्रमांकाचें कोडपेज आलें, त्यांत २५६. वरच्या १२८ खणांत युरोपीय स्वरचिन्हें, कांहीं ग्रीक अक्षरें व चौकटीच्या रेघा भरल्या आहेत. युनिकोडमधील देवनागरीचें प्रत्येक चिन्ह यंत्राकडे तीन बाइटांच्या रूपानें जातें. 'विठ्ठल'मध्यें व, वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल अशीं सहा चिन्हें. सहा त्रिक अठरा. यंत्रानें प्रत्येक बाइट म्हणजे एक खण समजून अठरा खिळे उचलले. बिचाऱ्याचा दोष नाहीं. त्याला कोणती केस उघडावी हेंच कोणीं सांगितलेलें नव्हतें.

तें सांगतां येतें. झेब्रा कंपनीच्या यंत्रभाषेंत 'सीआय २८' अशी एक आज्ञा आहे. ती दिली कीं यंत्र तीन बाइटांचें एक चिन्ह समजतें. मग देवनागरी फॉन्ट यंत्राच्या स्मृतींत उतरवावा लागतो. पण एवढ्यानें भागत नाहीं. चिन्हें ओळखूं येणें निराळें आणि जोडाक्षर लिहितां येणें निराळें. अशा अर्धशिक्षित यंत्रावर 'विठ्ठल'ची वेलांटी 'व'च्या मागें जाऊन बसते आणि 'ठ'चा पाय मोडलेला उघडा दिसतो. कोणतें चिन्ह कोणत्या शेजाऱ्याजवळ कोणतें रूप घेतें, याचे नियम फॉन्टमध्येंच कोष्टकरूपानें असतात. तीं कोष्टकें वाचण्याची सोय नव्या यंत्रांतून आहे, परंतु तीहि स्वतंत्र आज्ञा देऊन चालू करावी लागते.

येथें स्टीफन्सच्या हिशेबांतील चूक लक्षांत येते. सहाशें हे ठसे होते, वर्ण नव्हेत. आपलें मूल बाराखडी शिकतें तेव्हां तें यादी पाठ करीत नाहीं, नियम शिकतें; 'क'ची बाराखडी आली कीं 'ख'ची त्याला आपोआप येते. वर्ण आणि त्याचें रूप यांची हीच फारकत करून 'इस्की' हा भारतीय संकेत १९८८ त तयार झाला व १९९१ त प्रमाण ठरला. युनिकोडनें देवनागरीला ज्या १२८ जागा दिल्या त्या त्याच्याच रचनेवरून. सहाशेंच्या जागीं १२८ पुरल्या, आणि लिपीचा एक कानाहि कापावा लागला नाहीं. औषधांच्या नांवांत पदोपदीं लागणारा 'ॲ' मात्र राहून गेला होता. त्याला स्वतंत्र जागा २००८ सालीं मिळाली.

ही सूक्ष्मता ज्यांना चैन वाटते त्यांनीं 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' हीं दोन वाक्यें एका लेबलावर छापून पाहावीं. एका रफारावर सभा किंवा पंगत यांचा निकाल लागतो! रोमनमध्यें तर काळे, काले आणि कळे हे तिघेहि एकाच नांवाचे. रक्ताच्या नमुन्याच्या बाटलीवर ही गोष्ट विनोदाची राहत नाहीं.

त्या तरुणानें शेवटीं तिसरीच वाट धरली. मजकूर संगणकावर जुळवून त्याचें चित्र करावयाचें आणि यंत्राकडे नुसते ठिपके पाठवावयाचे. म्हणजे गणपत कृष्णाजींची शिळाछापच! काम थोडें सावकाश होतें आणि अक्षर मोठें घ्यावें लागतें; दोन मिलिमीटर उंचीत सोळाच ठिपके मिळतात, व तेवढ्यांत वेलांटी, शिरोरेघ, 'ठ'खालचा 'ठ' यांची दाटी होते. तीन मिलिमीटर केल्यावर अक्षर मोकळें झालें. त्यानें मावशीच्या पुड्यांचीं लेबलें मराठींत काढून दिलीं आणि परीक्षेकरितां छापलेला 'विठ्ठल'हि माझ्या हातीं ठेवला.

मावशीनें तीं लेबलें दिव्याजवळ नेऊन एकेक वाचलीं. 'विठ्ठल' तिनें जरा अधिक वेळ पाहिला. मग म्हणाली, "सगळें ठीक आहे रे; पण हा दांड्याचा 'ल' आपला नव्हे. आपल्या 'ल'ला दोन पाकळ्या असतात."

तरुणाला फॉन्ट बदलावयास सांगण्याकरितां मला दुसरे दिवशीं पुन्हां दवाखान्यांत जावें लागलें.