दोरीचं दुसरं टोक

मंडळी, आज आपण अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांच्या नियमांचा इतिहास पाहू. विषय खेळाचा असला, तरी प्रश्न आपला जुनाच आहे : करार दोघांमधला असेल, तर तो बांधतो कुणाला?

या खेळांचं नियमन करणारी संस्था एनसीएए, स्थापना १९०६ ची. खेळाडूला मोबदला द्यायचा नाही, हे तिचं मूळ तत्त्व. १९५६ मध्ये मात्र निव्वळ खेळातल्या कौशल्यावर शिष्यवृत्ती द्यायला तिने परवानगी दिली. मग अडचण आली. खेळण्यासाठी पैसे मिळत असतील, तर तो मुलगा नोकरच नाही का?

प्रश्न नुसता तात्त्विक नव्हता, बरं का. १९५५ मध्ये कोलोरॅडो राज्यातल्या एका कॉलेजचा विद्यार्थी फुटबॉल खेळताना जखमी होऊन मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ती नाकारली. याच काळात एनसीएएने 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द रूढ केला. खेळाडू नोकर ठरू नये म्हणूनच तो घडवला, हे संस्थेचे त्या वेळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच नंतर लिहून ठेवलं आहे.

आता दोन नियम शेजारी-शेजारी ठेवून बघा. १९७३ मध्ये चार वर्षांची शिष्यवृत्ती बंद होऊन ती एकेका वर्षाची झाली. नूतनीकरण करायचं की नाही, हे कॉलेजच्या हाती. आणि फुटबॉल-बास्केटबॉलसारख्या खेळांत खेळाडूने कॉलेज बदललं, तर त्याने एक वर्ष सामन्यांबाहेर बसायचं. कारण काय, तर नव्या जागी अभ्यासाची घडी बसावी! प्रशिक्षक मात्र जास्त पगारावर दुसरीकडे गेला, तर त्याला कुणी बसवून ठेवत नव्हतं. म्हणजे दोरीचं एक टोक विद्यार्थ्याच्या पायाला, आणि दुसरं? ते कुठेच बांधलेलं नव्हतं.

ही गाठ हळूहळू सुटली. २०१२ पासून अनेक वर्षांची शिष्यवृत्ती पुन्हा देता येऊ लागली. २०१८ मध्ये बदलीसाठी जुन्या कॉलेजच्या परवानगीची अट गेली. २०२१ मध्ये एकदा, आणि २०२४ मध्ये अभ्यासाच्या अटी पाळून कितीही वेळा, न बसता बदली करता येऊ लागली. जून २०२५ मध्ये तर कॉलेजांनी खेळाडूंना थेट उत्पन्नातला वाटा देण्याच्या तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली.

मग प्रश्न सुटला का? आम्हांला तसं वाटत नाही. चार वर्षांत तीन कॉलेजं फिरलेल्या मुलाच्या पदवीचं काय? सगळे विषय सगळीकडे धरले जातातच असं नाही. शिक्षणाच्या नावाखाली त्याला बांधणं अन्याय होता, हे खरंच. पण मोकळं सोडताना शिक्षणाचं वचनही सोडून दिलं, तर त्या जोडशब्दातला 'विद्यार्थी' तेव्हाही नावापुरता होता आणि आजही नावापुरताच राहील. शिक्षक म्हणून आपण विचार करायचा, तो याचा.