शेवटच्या तीन तासांची सवलत

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, आणि त्या काळचे लंडन विद्यापीठ शिकवत नसे, परीक्षा घेत असे. शिकवायचे कॉलेजांनी, पारखायचे विद्यापीठाने, अशी ती वाटणी होती. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले. कोणाचा मुलगा हे न विचारता फक्त उत्तरपत्रिका तपासणारी ही पद्धत त्या समाजात मोठी गोष्ट होती, हे नाकारता येणार नाही. पण तेव्हापासून एक समजूतही आपल्याकडे मुरली: अनोळखी प्रश्नपत्रिका, मोजून दिलेले तास आणि शेवटची घंटा यांतून जे उतरते तेच ज्ञान. मॅट्रिकची एसएससी झाली, विद्यापीठाच्या जागी मंडळ आले, तरी समजूत हलली नाही. म्हणूनच ज्यांचा मेंदू निराळ्या रीतीने चालतो अशा मुलांकडे महाराष्ट्राचे लक्ष गेले तेव्हा ते वर्गाच्या दारातून नव्हे, परीक्षेच्या दालनातून गेले. माझ्या मते आजच्या बहुतेक अडचणींचे मूळ या क्रमात आहे.

१९९६ साली महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे वाचणे, लिहिणे किंवा गणित जड जाणाऱ्या, विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. लेखी परीक्षेत जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, ज्याला हाताने लिहिणे जमत नाही त्याला लेखनिक, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित आणि कार्यानुभव, असे त्यांचे स्वरूप होते. आयसीएसई आणि सीबीएसई ही राष्ट्रीय मंडळे या वाटेने आली ती १९९९ मध्ये. महाराष्ट्राचे हे पाऊल खरोखर पुढचे होते आणि त्यामागे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांतल्या डॉक्टरांची वर्षानुवर्षांची चिकाटी होती. नऊ वर्षे ‘आळशी’, ‘ढ’, ‘लक्षच देत नाही’ असे ऐकत आलेल्या मुलाला दहावी पार करता येऊ लागली, हे थोडे नव्हे. तरीही मदतीसाठी निवडलेला शब्द पाहा: सवलत. सवलत ही देणाऱ्याच्या मर्जीची असते आणि ती मिळण्याआधी आपले उणेपण कागदावर सिद्ध करावे लागते. शिवाय यातल्या काही सवलती वाट मोकळी करत नव्हत्या, वळवत होत्या. सातवीचे गणित घेऊन दहावी झालेल्या मुलाला पुढे विज्ञानाचा रस्ता जवळजवळ बंदच.

या चौकटीत स्वमग्न (ऑटिस्टिक) मुले आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्याची व स्वतःला आवरण्याची अडचण, असलेली मुले नीट बसलीच नाहीत. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, पण त्या कायद्याचा भर पालकत्व आणि सांभाळ यांवर होता, शिक्षणावर नव्हे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने यादी २१ पर्यंत नेली. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही तीत आल्या, एडीएचडी मात्र आली नाही. वैद्यकशास्त्राचाही या गोंधळात वाटा आहे. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेनुसार २०१३ पर्यंत एकाच व्यक्तीला स्वमग्नता आणि एडीएचडी ही दोन्ही निदाने देता येत नसत. प्रत्यक्षात दोन्ही एकत्र असणे मुळीच विरळ नाही. म्हणजे एका पिढीतल्या कित्येक मुलांच्या अडचणीचा अर्धा भाग कागदावर येऊच शकला नाही.

मदतीची सुरुवात परीक्षेपासूनच व्हायला हवी, असा काही निसर्गनियम नाही. मॉस्कोतल्या एका उपचारशाळेत ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी सहा मुलगे बारकाईने पाहिले आणि १९२५ साली त्यांच्याविषयी लिहिले. स्वमग्नतेवरच्या लिओ कॅनर यांच्या प्रसिद्ध निबंधाच्या १८ वर्षे आधी. आज ती वर्णने वाचली की स्वमग्नता ओळखू येते. मला त्यातले निदानापेक्षा वातावरण मोलाचे वाटते: ही मुले तिथे राहत, शिकत, व्यायाम, चित्रकला, सुतारकाम करत, मदत दिवसाच्या रचनेतच विणलेली होती. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याने मानसशास्त्रज्ञ एरिक शॉप्लर यांचा स्वमग्न मुलांसाठीचा ‘टीच’ नावाचा कार्यक्रम राज्यभर नेला. स्वमग्नतेसाठी आईबापांना दोषी धरण्याच्या त्या काळात शॉप्लर यांनी त्यांना सहकारी मानले. दिवसाचा क्रम चित्रांनी मांडायचा, कामाची जागा ठरलेली ठेवायची, किती काम आहे आणि ते कधी संपले हे डोळ्यांना दिसू द्यायचे. मूल बदलण्याची वाट न पाहता खोली बदलायची, हा त्यामागचा विचार.

परीक्षेत असो वा वर्गात, अशा मदतीवर पहिला आक्षेप न्यायाचा. जादा वेळ कोणालाही दिला तरी गुण वाढतील, मग काहींनाच का? आक्षेप पोकळ नाही. संशोधक स्टीफन सिरेसी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये परीक्षेतल्या अशा सोयींवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. जादा वेळेने सर्वांचेच गुण सुधारतात, पण अक्षमता असलेल्यांचे अधिक, असे त्यांना आढळले. एडीएचडीच्या बाबतीत तर जादा वेळेचा असा खास लाभ अभ्यासांतून ठळकपणे पुढे आलेला नाही. मला यातून सवलत काढून घ्यावी असे दिसत नाही. मिनिटे हेच एकमेव औषध मानणे चूक होते, असे दिसते. ज्याला काम सुरू करणेच जड जाते, ज्याच्या मनात वेळेचा अंदाज ठरत नाही, त्याला शांत खोली, मधली विश्रांती आणि वर्षभर तुकडे पाडून दिलेला अभ्यास अधिक उपयोगी. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाने किती जणांकडे पाहायचे? शिक्षकांवरचा भार खरा आहे आणि विशेष शिक्षक नेमणे ही शासनाचीच जबाबदारी आहे. पण तासाचा क्रम फळ्याच्या कडेला लिहून ठेवणे, तोंडी सूचना एकेक करून देणे, प्रकल्पाला एका तारखेऐवजी तीन टप्प्यांच्या तारखा देणे, याला निधी लागत नाही. आणि उरलेल्या मुलांचेही त्यात नुकसान नाही.

कायद्याने ही दिशा धरलेली आहे. २०१६ च्या कायद्याचे १७ वे कलम जादा वेळ आणि लेखनिक यांविषयी बोलते, पण त्याआधीचे १६ वे कलम शाळेनेच गरजेनुसार वाजवी सोय करावी आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी असे सांगते. अंमलबजावणी किती लंगडी आहे ते २०२१ मध्ये दिसले. लेखन अक्षमता (डिसग्राफिया) असलेल्या एका विद्यार्थिनीला वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत हक्काचा जादा तास नाकारला गेला. तिच्यावर अन्याय झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, पण परीक्षा पुन्हा घ्यायला नकार दिला आणि उपाय शोधण्याचे काम परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेकडेच सोपवले. त्याच वर्षी दुसऱ्या एका निकालात याच न्यायालयाने सांगितले होते, की लेखनिकाचा हक्क ४० टक्के अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर अडवून ठेवता येणार नाही.

कायद्यातल्या २१ प्रकारांच्या यादीत एडीएचडीचे नाव आले पाहिजे, आणि त्यासाठी पालक-शिक्षक संघांनी आपल्या आमदार-खासदारांकडे मागणी धरली पाहिजे. शिक्षकांना सांगणे एवढेच, की फळ्याच्या कडेला दिवसाचा क्रम लिहायला कोणत्याही रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागत नाही. ते उद्याच्या पहिल्या तासापासून सुरू करा.