नशेचा भाव : नौगावच्या गोदामापासून लॉस एंजेलिसच्या दुकानापर्यंत

२०१९च्या सप्टेंबरात, गणपती विसर्जन होऊन चार-पाच दिवस झाले असतील, माझ्या थोरल्या बहिणीचा रात्री अकराला फोन आला. तिचा मुलगा लॉस एंजेलिसला शिकत होता. तो रुग्णालयात होता, प्राणवायूवर. डॉक्टरांनी आधी न्यूमोनिया धरला होता, पण औषधांचा गुण येत नव्हता. तिसऱ्या दिवशी पोराने डॉक्टरांना खरे सांगितले. गेले दोन महिने तो गांजाच्या अर्काची व्हेप कार्ट्रिज ओढत होता. मग उपचार बदलले आणि अकरा दिवसांनी तो खोलीवर परतला.

बरा झाल्यावर मी त्याला एकच प्रश्न विचारला, "अरे, तिकडे तर हे कायद्याने मिळते ना? मग चोरटा माल कशाला घेतलास?" तो म्हणाला, "मामा, परवान्याच्या दुकानात पंचेचाळीस डॉलर होते, कर धरून साठच्या वर जायचे. दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या दुकानात वीस. पाटी दोन्ही दुकानांवर हिरवीच होती. मला वाटले, हा स्वस्त देतो."

त्याचे हे उत्तर माझ्या डोक्यातून गेले नाही. मी अठ्ठावीस वर्षे नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ऊस हिशेब विभागात कारकुनी केली. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटले, इतिहास वाचायला लागलो तो पुढे, स्वतःच्या हौसेने. पण भाव कशाचा बनतो हे मला नोकरीने शिकवले. उसाच्या टनाला दर दिसतो, पण त्यामागे उतारा असतो, तोडणी-वाहतूक असते, सरकारचा आदेश असतो. एकाच मालाला एकाच गावात वीस आणि साठ असे दोन भाव असतील, तर मधले चाळीस कोणाचे? त्या काळात मी नगर जिल्ह्यातल्या जुन्या अबकारीवर टिपणे काढत होतो. भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या टिपणांत सापडेल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

आधी ती वस्तू. बोटाच्या दोन पेरांएवढी काचेची किंवा प्लास्टिकची नळी, आत अर्धा किंवा एक ग्रॅम घट्ट सोनेरी तेल, खाली तापणारी छोटी कांडी. ही नळी बॅटरीवर फिरवून बसवतात. आट्यांच्या मापाला धंद्यात '५१०' म्हणतात. या यंत्राचे मूळ चिनी औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३च्या सुमारास केलेल्या ई-सिगारेटमध्ये आहे, आणि आजही नळ्या बहुतांशी चीनमधल्या शेंझेनमध्येच बनतात. स्वस्त नळीत कापसाची वात असते, बऱ्या नळीत सच्छिद्र चिनीमाती. हलक्या धातूच्या नळीतून तेलात शिसे उतरू शकते. कॅलिफोर्नियात जड धातूंची चाचणी २०१८च्या ३१ डिसेंबरपासून सक्तीची झाली, तेव्हा शिशामुळे माल नापास होऊ लागला.

नळीपेक्षा जास्त फरक तेलात असतो. सर्वांत स्वस्त ते ऊर्ध्वपातित तेल. कसलाही पाला, छाटण, उरलेला माल घेऊन त्यातले टीएचसी हे नशेचे द्रव्य वेगळे काढतात. त्यात मूळ झाडाचा वास उरत नाही, तो मागाहून घालतात. त्याहून महाग 'लाइव्ह रेझिन'. त्यासाठी कळ्या तोडल्याबरोबर गोठवाव्या लागतात, म्हणजे शीतगृह आणि वीज आली. सर्वांत महाग 'रोझिन', ज्यात रसायन न वापरता केवळ उष्णता आणि दाब देऊन अर्क पिळतात. त्याचा उतारा कमी पडतो, मजुरी जास्त लागते. आमच्याकडे साखर, गूळ आणि काकवी यांच्या भावात जसा फरक, तसाच हा प्रकार.

जाणकार गिऱ्हाईक नळीचा भाव बघत नाही, मिलिग्रॅमचा बघतो. अर्ध्या ग्रॅमच्या नळीत ८० टक्के टीएचसी असेल तर ते ४०० मिलिग्रॅम झाले. ती ३० डॉलरला असेल तर मिलिग्रॅमला साडेसात सेंट पडतात. एक ग्रॅमच्या नळीत ८५ टक्के असेल आणि भाव ४५ असेल, तर सव्वापाच सेंटच्या आसपास. दिसायला महाग ती हिशेबात स्वस्त. पण वीस आणि साठ यांतले अंतर या हिशेबातून निघत नाही. त्यासाठी मला मागे जावे लागले.

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला, गांजा-भांगेचा लोकांवर काय परिणाम होतो? त्यावरून हिंदुस्थान सरकारने आयोग नेमला. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग, एकूण सात सदस्य, त्यांत तीन हिंदी. मुंबई इलाख्याकडून पंचमहालचे कलेक्टर ओमनी होते. आयोगाने १,१९३ साक्षी तपासल्या आणि १८९४ साली अनेक खंडांचा अहवाल दिला. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते खंड सर्वांना खुले केले आहेत, म्हणून माझ्यासारख्याला ते घरी बसून वाचता आले. माफक सेवनाने फारसे नुकसान होत नाही, हा आयोगाचा निष्कर्ष बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. पण अहवालाचा फार मोठा भाग वेडाविषयी नाहीच. तो महसुलाविषयी आहे.

बंगालमध्ये राजशाही भागातल्या नौगाव परिसरात परवान्याने गांजा पिकवत. माल सरकारी देखरेखीखालच्या गोदामात जाई आणि महसूल भरल्यावरच बाहेर पडे. तिथे गांजाचे तीन प्रकार होते : तुडवलेला चपटा, वळलेला गोल, आणि काड्या निघून गेलेला चूर. तिन्हींवर शेरामागे महसूल वेगवेगळा होता, चपट्यावर सर्वांत कमी आणि चुरावर सर्वांत जास्त. कारण साधे होते. चपट्यात लाकूड जास्त, चुरात निव्वळ माल. म्हणजे सरकार वजनावर कर घेत असले, तरी मनात मोजत होते ती नशा. आमच्या भाषेत, उताऱ्यावर कर.

आमच्या मुंबई इलाख्यात चित्र निराळे होते. नगर जिल्ह्यात गांजाची लागवड होत असे, पण मालावर बंगालसारखा थेट महसूल नव्हता. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याखाली विक्रीच्या मक्त्याचा लिलाव व्हायचा आणि सरकारला उत्पन्न मिळायचे ते त्यातून. झाड तेच, पण बंगालमध्ये महाग आणि इकडे स्वस्त. असे अंतर पडले की माल आपोआप चालायला लागतो. ओडिशाकडच्या गढजात संस्थानांतला बिनकराचा गांजा चोरट्या मार्गाने बंगालमध्ये शिरत होता, ही तिथल्या अधिकाऱ्यांची कायमची डोकेदुखी होती.

आयोगाने सरसकट बंदी नाकारली आणि लागवडीवर नियंत्रण, परवाना आणि थेट महसूल यांची शिफारस केली. कर वाढवावा, पण बेताने, असे त्याचे म्हणणे. फार ताणला तर चोरटा माल वाढेल, आणि गरीब नशेबाज धोतऱ्यासारख्या जास्त घातक वस्तूंकडे वळेल. हे वाचताना मी थांबलो. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या वाक्यांत मला लॉस एंजेलिसची ती दोन दुकाने दिसली.

अमेरिकेचा रस्ता उलटा होता. तिथे बंदीच कराच्या रूपात आली. १९३७च्या मारिवाना कर कायद्याने नोंदणीकृत व्यक्तीला माल देताना औंसाला १ डॉलर आणि नोंद नसलेल्याला देताना औंसाला १०० डॉलर कर ठेवला. शंभराचा आकडा वसुलीसाठी नव्हताच, व्यवहार होऊ नये म्हणून होता. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयात तो कायदा टिकला नाही, पण १९७० साली नवा कायदा करून गांजा कडक बंदीच्या यादीत गेला. पुढे मिनियापोलिसच्या एका विक्रेत्याने आयकरात धंद्याचा खर्च वजा मागितला आणि १९८१ साली कर न्यायालयात तो बराचसा मिळवलाही. संतापलेल्या काँग्रेसने पुढच्याच वर्षी आयकर कायद्यात '२८०-ई' हे कलम घातले : अशा धंद्याला मालाची खरेदी किंमत सोडून भाडे, पगार, वीज काहीही वजा मिळणार नाही.

ते कलम लिहिले चोरट्या विक्रेत्यांसाठी. पण कॅलिफोर्नियाने २०१६ साली मतदानाने प्रौढांसाठी गांजा मोकळा केला, १ जानेवारी २०१८ पासून दुकाने उघडली, आणि ते कलम नेमके परवानाधारकाच्या मानेवर बसले. केंद्राच्या लेखी तोही गुन्हेगारच. चोरटा विक्रेता विवरणपत्रच भरत नाही, त्याला कलम कुठले? शिवाय केंद्रीय बंदीमुळे एका राज्याचा माल दुसऱ्या राज्यात कायद्याने नेता येत नाही. ओरेगनमध्ये पीक उदंड येऊन भाव पडले, तरी इलिनॉयच्या दुकानात ते स्वस्त तेल पोचत नाही. प्रत्येक राज्य म्हणजे जणू वेगळे संस्थान.

२०२३च्या उन्हाळ्यात मी भाच्याकडे गेलो. मी आयुष्यात सुपारीही खाल्लेली नाही, पण परवान्याचे दुकान बाहेरून पाहिले आणि भाच्याच्या मित्राकडून एक पावती मागून घेतली. नळीचा भाव ४० डॉलर. त्यावर शहराचा १० टक्के कर, झाले ४४. त्या ४४वर राज्याचा १५ टक्के अबकारी कर, झाले ५० डॉलर ६० सेंट. त्यावर साडेनऊ टक्के विक्रीकर. शेवटची बेरीज ५५ डॉलर ४१ सेंट. करावर कर, त्यावर पुन्हा कर. छापील भावातही प्रयोगशाळेची चाचणी, परवाना शुल्क आणि '२८०-ई'चा भार आधीच दडलेला.

राज्याराज्यांत तऱ्हा निराळ्या. वॉशिंग्टनमध्ये सरसकट ३७ टक्के. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२० पासून ३५ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या मालावर १० टक्के, त्याहून तीव्र मालावर २५ टक्के. म्हणजे कळी दहात आणि नळी पंचविसात. चपटा आणि चूर! न्यूयॉर्कने तर मिलिग्रॅमवर कर बसवून पाहिला, तो जाचक ठरला आणि जून २०२४ पासून तो सोडून घाऊक भावावर ९ टक्के घेऊ लागला.

आता वीस डॉलरची नळी. तिला कर नाही, चाचणी नाही, परवाना नाही. पण तेवढ्याने विक्रेत्याचे समाधान होत नाही, तो तेलातही भेसळ करतो. पातळ केले तर गिऱ्हाईक ओळखते, कारण नळी उलटी करून बुडबुडा किती हळू चढतो हे बघायची तिथे रीत आहे. म्हणून २०१९मध्ये भेसळखोरांनी ई जीवनसत्त्वाचा अॅसिटेट वापरला. रंग तोच, घट्टपणा तोच. त्वचेला लावायला निरुपद्रवी, पण तापवून फुफ्फुसात ओढला की घातक. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकी आरोग्य यंत्रणेकडे अशा २,८०७ रुग्णांची नोंद झाली होती, त्यांत ६८ मृत्यू. ५१ रुग्णांच्या फुफ्फुसांतला द्राव तपासला तेव्हा ४८ जणांत तो अॅसिटेट सापडला, आणि ९९ निरोगी माणसांत एकातही नाही. काही थोड्या रुग्णांनी दुकानातून माल घेतल्याचे सांगितले, पण बहुतेकांनी तो मित्रांकडून किंवा चोरट्या विक्रेत्यांकडून घेतला होता. भाच्याची नळी कुणी तपासली नाही. आजाराची लक्षणे मात्र तीच होती.

आपल्याला हे परके वाटू नये. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. तिथेही मिथेनॉल पिणाऱ्याला मिथेनॉल हवे नव्हते, त्याला परवडणारी दारू हवी होती. भारतात ही नळी तर दुहेरी बेकायदा आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात भांगेचा पाला सुटला, पण हशीश तेल 'चरस' या व्याख्येत बसले. आणि २०१९मध्ये ई-सिगारेटवरही बंदी आली. म्हणजे आपल्याकडे या मालाचा भाव पूर्णपणे चोराच्या हातात, तपासणीचा तर प्रश्नच नाही.

कर नकोच, असा याचा अर्थ मी काढत नाही. स्वस्त नशा घर बुडवते, हे मी आमच्या तालुक्यात पाहिले आहे. तपासणीला पैसा लागतो आणि तो करातूनच येतो. पण कर लावणाऱ्याने शेजारच्या गल्लीतला भाव माहीत करून घेतला पाहिजे. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२५ रोजी अबकारी कर १५ वरून १९ टक्के केला आणि परवानाधारक दुकाने बुडू लागली म्हणून १ ऑक्टोबरला पुन्हा १५ वर आणला. तीन महिन्यांत त्यांना जे उमगले, ते १८९४च्या अहवालात छापलेले होते.

भाचा आता नोकरी करतो. जिना चढताना त्याला अजून दम लागतो, पण आईला तो सांगत नाही. ती पावती मी नौगावच्या टिपणांच्याच फायलीत लावून ठेवली आहे.