‘सावित्रीजोती’ : मालिकेचा शेवट आणि प्रेक्षकांची मोजणी

महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या जीवनावरील ‘सावित्रीजोती’ ही मालिका सोनी मराठी वाहिनीवर ६ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला थांबली. कमी टीआरपी हे त्यामागचे कारण सांगितले गेले. त्यानंतर आठच दिवसांनी, ३ जानेवारी २०२१ रोजी, महाराष्ट्रात सावित्रीबाईंची जयंती महिला शिक्षण दिन म्हणून साजरी झाली. ज्या दांपत्याविषयी महाराष्ट्राला एवढा आदर आहे त्यांची कथा महाराष्ट्राने पाहिलीच नाही, असे यावरून म्हणता येईल काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

याआधीचे एक उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. दूरदर्शनवरील ‘रामायण’ ३१ जुलै १९८८ रोजी रामराज्याभिषेकानंतर संपले. वाल्मीकींना आपले पूर्वसूरी मानणाऱ्या जालंधरच्या सफाई कामगारांनी उत्तरकांडही दाखवावे यासाठी संप पुकारला, आणि पुढे त्याच वर्षी लवकुशांची कथा प्रसारित झाली. दूरदर्शन शासनाचे होते, त्यामुळे प्रेक्षकाला नागरिक या नात्याने दाद मागता आली. खाजगी वाहिन्यांच्या काळात हे नाते उरले नाही. वाहिनीचे उत्पन्न जाहिरातीवर आणि जाहिरातीचा दर टीआरपीवर अवलंबून असतो. प्रेक्षक रागावला काय किंवा हळहळला काय, त्या आकड्यात त्याची नोंद होत नाही.

हा आकडा काढणारी ‘बार्क’ ही वाहिन्या, जाहिरातदार व जाहिरातसंस्था यांची संयुक्त संस्था आहे. २०१५ च्या उत्तरार्धात तिने ग्रामीण भागाचाही मोजणीत समावेश केला. त्यापूर्वीच्या व्यवस्थेत खेडे जवळजवळ नव्हतेच. २०२० च्या सुमारास देशातील सुमारे २० कोटी दूरचित्रवाणीधारक कुटुंबांमागे मापनयंत्रे होती सुमारे ४४ हजार. म्हणजे साधारण साडेचार हजार घरांमागे एक. गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावात असे यंत्र असण्याचा संभव गणितानेच अल्प ठरतो. नमुना पाहणीचे शास्त्र चुकीचे आहे, असा याचा अर्थ नव्हे. परंतु गावातील एखाद्या शिक्षिकेने ही मालिका रोज पाहिली असेल, तर तिच्या पाहण्याला मालिकेच्या भवितव्यात स्थान नव्हते, एवढे निश्चित.

तथापि सर्व दोष मोजणीवर टाकणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. दशमी क्रिएशन्स या त्याच निर्मितीसंस्थेची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील मालिका स्टार प्रवाहवर मे २०१९ पासून सुमारे दीड वर्ष चालली. मोजणीची पद्धत दोहोंसाठी एकच होती. माझ्या मते फरक प्रेक्षकांत होता. बाबासाहेबांचे चरित्र ज्यांना आपल्या घरचे वाटते असा मोठा, जागरूक समाज त्या मालिकेपाठीशी होता. फुले दांपत्य मात्र सर्वांचे आहेत, आणि सर्वांचे म्हणून रोज ठराविक वेळी टीव्हीसमोर बसणारे कोणाचेच नाहीत. शाळेच्या भिंतीवर तसबीर असणे वेगळे आणि संध्याकाळी घरातील रिमोट त्या वाहिनीवर थांबणे वेगळे.

काळही प्रतिकूल होता. मालिका जेमतेम अडीच महिन्यांची असताना, मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे चित्रीकरण थांबले. दैनंदिन मालिका सवयीवर जगते आणि ती सवय लागण्याआधीच मोडली. योगायोग असा की, त्याच टाळेबंदीत दूरदर्शनने २८ मार्चपासून जुने ‘रामायण’ पुन्हा दाखविले आणि त्याला प्रचंड प्रेक्षक लाभला.

या मालिकेशी संशोधक म्हणून निगडित असलेले प्रा. हरी नरके यांनी ती बंद होत असल्याची खंत जाहीरपणे व्यक्त केली होती. ते ऑगस्ट २०२३ मध्ये निवर्तले. त्या वेळी आमच्या विषयाच्या प्राध्यापकांतही मालिका बंद झाल्याबद्दल बरीच चर्चा झाली. चर्चा करणाऱ्यांपैकी ती नियमित पाहणारे फार थोडे होते. प्रस्तुत लेखकही त्यांत नव्हता.