लॉगमधली वेळ

मागे एकदा आमची सिस्टिम कोसळली तेव्हा मी दोन रात्री भलत्याच सर्व्हरच्या मागे लागलो होतो. लॉगमध्ये पहिली एरर त्याची होती ना! पण लॉगमधली वेळ असते ती नोंद झाल्याची, बिघाड झाल्याची नव्हे. बेथेस्डाची हकिगत वाचताना ते आठवलं.

अमेरिकेत मेरीलंड राज्यातल्या बेथेस्डाला एनआयएच या सरकारी संस्थेचं संशोधन रुग्णालय आहे. जून २०११ मध्ये न्यूयॉर्कहून तिथे एक बाई दाखल झाल्या. अंगात क्लेब्सिएला न्यूमोनिये हे जीवाणू, तेही कार्बापेनेमसारख्या राखीव औषधांना न जुमानणारे. हे आधीच कळलेलं, म्हणून त्यांना वेगळं ठेवलं, गाऊन-हातमोजे सगळं पाळलं. १५ जुलैला डिस्चार्ज. हुश्श! आणि ५ ऑगस्टला दुसऱ्याच पेशंटमध्ये तेच जीवाणू. मग दर आठवड्याला साधारण एक नवा पेशंट.

हे बाईंकडून आले की बाहेरून? जुन्या पद्धतीत डीएनएचे तुकडे करून त्यांचे पट्टे जुळवायचे. पण अमेरिकेत असे हट्टी क्लेब्सिएला बहुतेक एकाच कुळातले, एसटी२५८. पट्टे सारखेच दिसणार! म्हणून इव्हान स्निटकिन, ज्युली सेग्रे वगैरे मंडळींनी अख्खा जीनोम वाचला, साठेक लाख अक्षरं, आणि चक्क डिफ काढला. फरक मोजक्या अक्षरांचे, पण तेवढे पुरले. त्या एकाच बाईंच्या शरीरात वेगवेगळ्या जागी जीवाणू किंचित वेगळे होते. त्यावरून कळलं की लागण त्यांच्याकडून तीन वेगवेगळ्या वेळा बाहेर पडली होती.

आणि पेशंट ज्या क्रमाने सापडले त्या क्रमाने लागण झालीच नव्हती. काहीजण लक्षणं नसताना जीवाणू बाळगून होते.

औषध चालेल का, हेही जीनोमवरून काही अंशी सांगता येतं. कार्बापेनेम निकामी करणारा केपीसी जीन शोधणं म्हणजे जवळजवळ ग्रेप मारणंच. पण यातले काही जीवाणू पुढे कोलिस्टिनलाही, म्हणजे शेवटच्या औषधालाही, दाद देईनात. तिथे एखाद्या अक्षराचा बदलही पुरतो आणि नेमका कुठला ते ओळखणं कठीण.

रुग्णालयाने आयसीयूत भिंत उभारली, हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडली, लक्षणं नसलेल्यांचीही तपासणी सुरू केली. तरी लागण १८ जणांना झाली. ११ दगावले, त्यातले ६ या संसर्गाने. ज्यांच्यापासून सुरुवात झाली त्या बाई वाचल्या. आणि जीवाणू कुठे सापडावेत? सिंकच्या ड्रेनमध्ये, आणि धुऊन-पुसून ठेवलेल्या एका व्हेंटिलेटरवर.