बस नको, मळवलीला उतरा: भाजे-कार्ल्याचा एक दिवस



आपल्या वस्त्यांतून वर्षाला एखादी बस लेण्यांवर जातेच. वर्गणी निघते, लेण्यासमोर गटाचा फोटो होतो आणि अर्ध्या तासात "चला चला, पुढे जायचंय" सुरू होते. अशा बसने कार्ल्याला जाऊन आलेल्या तरुणाला एकच प्रश्न विचारा: तिथल्या दारावर कोणाचे नाव कोरले आहे? उत्तर बहुधा मिळत नाही. ज्या वारशासाठी आपण भांडतो, तो आपण वाचलेलाच नाही. म्हणून म्हणतो, एक दिवस काढा, तीन-चार जण मिळून स्वतः जा आणि पायी जा.

पुण्याहून लोणावळा लोकल पकडा. वाटेत देहूरोड लागते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी इथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. पुढे तळेगाव, जिथे बाबासाहेबांचा बंगला आहे. त्यानंतर कामशेत आणि मग मळवली. मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल घ्यावी, पहिलेच स्टेशन मळवली. इथून भाजे लेणी सुमारे तीन किलोमीटर, तर कार्ले दुसऱ्या बाजूला चार-पाच किलोमीटर. येऊन-जाऊन पंधरा किलोमीटरच्या आसपास चाल होते. पाय थकले तर रिक्षा आहेत.

भिक्खू डोंगरात लपले होते काय?

"बौद्ध साधू जगाला कंटाळून गुहांत लपून बसले" हे वाक्य आपण किती वेळा ऐकले असेल! भाजे लेण्याच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबा आणि मागे वळून पाहा. समोर इंद्रायणीचे खोरे आहे. त्यातून एक्सप्रेस वे जातो, रेल्वे जाते, जुना मुंबई-पुणे रस्ता जातो. दोन हजार वर्षांपूर्वीही सोपारा, कल्याण या बंदरांचा माल बोरघाट चढून याच बाजूने देशावर येत होता. विहार खोदले गेले ते या वाहत्या वाटेच्या काठावर. चारिका करणाऱ्या भिक्खूला वर्षावासात एका जागी राहायला निवारा हवा होता, रोज भिक्षेला गाव हवे होते, आणि धम्म सांगायला माणसे हवी होती. लपणारा माणूस हमरस्त्याच्या डोक्यावर घर बांधत नाही. बसमधून थेट पायथ्याशी उतरणाऱ्याला हा पुरावा दिसत नाही, चालणाऱ्याला दिसतो.

आणखी एक. ही गुहा नव्हे. कार्ल्याच्या शिलालेखात शब्द आहे 'सेलघर', म्हणजे शैलगृह. गुहा निसर्ग करतो, घर माणूस बांधतो.

भाजे: थेरांची नावे

भाज्याची बावीस लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासूनची. चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आजही आहेत. बाजूला चौदा लहान स्तूप दाटीने उभे आहेत. ते त्या विहारातल्या थेरांच्या स्मृतीचे आहेत. धम्मगिरी, संघदिन अशी नावे त्यांवर कोरलेली आहेत. पाण्याच्या एका पोढीवर दान देणाऱ्या महारठी विन्हुदत्ताचे नाव आहे. डोंगराच्या कुशीत पावसाचे पाणी साठवून विहार चालवण्याची ही व्यवस्था नीट पाहा. मात्र ते पाणी पिऊ नका, आपली बाटली सोबत ठेवा.

कार्ले: सुताराचे दार

कार्ल्याचे जुने नाव वलुरक. इथले चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने आपले हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे कोरून ठेवले आहे. पण एकट्या शेठने ते उभे केले नाही. स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांची नावे आहेत, सोपाऱ्याच्या एका भाणकाचे नाव आहे. वेदिकेचे दान एका भिक्खुणीचे आहे, आणि ती घडवणाऱ्या नंदिकाचेही नाव सोबत कोरले आहे. एका दाराचे दान अत्तरे विकणाऱ्या सिंहदत्ताचे. आणि दाराच्या कामावर नाव आहे वेणुवासाचा मुलगा सामी याचे, जो सुतार होता.

मित्रहो, इथे थांबा. सुताराचे नाव, बापाच्या नावासकट, दगडात! श्रम करणाऱ्याला नाव न ठेवणाऱ्या व्यवस्थेत आपल्या पिढ्या गेल्या. वलुरकच्या संघाने हातांना नाव दिले, स्त्रीच्या दानाला नाव दिले, परदेशी माणसाला आपल्यात जागा दिली. राजेही आले. उषवदाताने करजिक गाव दिले, पुढे गौतमीपुत्र सातकर्णीनेही ते भिक्खूंना दिले. पण राजांची नावे इतिहासात तशीही राहतात. सामीचे नाव फक्त इथे राहिले आहे.

चैत्यगृहासमोर सिंहस्तंभ आहे. दुसऱ्या बाजूला एकवीरा देवीचे मंदिर आहे. यावरून आपल्या तरुणांचे रक्त तापते. हे स्थळ बौद्धांचे आहे, हे शिलालेखच सांगतात. ते ठामपणे आणि पुराव्याने बोला. पण देवीला नवस फेडायला आलेला कोळी बांधव आपला शत्रू नाही. तोही कष्टकरीच आहे. त्याच्याशी भांडण करून इतिहास त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. सुताराचे नाव दाखवलेत तर कदाचित तो ऐकेल.

निघण्यापूर्वी

दोन्ही लेणी पश्चिमाभिमुख आहेत. सकाळी भाजे केले तर डोंगराच्या सावलीत चढता येते. कार्ल्याला दुपारनंतर पोहोचा, तेव्हा मोठ्या कमानीतून उजेड आत येतो. रविवार, पावसाळ्यातले सुट्टीचे दिवस आणि चैत्रातली यात्रा टाळा. परतीच्या लोकलचे वेळापत्रक आधीच पाहा.

शिलालेखांच्या वाचनांची छापील प्रत बरोबर न्या. ब्राह्मीची मुळाक्षरे शिकून गेलात तर उत्तम. भिंतीवर काहीही लिहू नका, अगदी 'जयभीम'सुद्धा नाही. हे संरक्षित स्मारक आहे, आणि तिथे आपल्या पूर्वजांनी आधीच लिहून ठेवले आहे. आपले काम ते वाचण्याचे आहे.

पुढच्या वेळी वस्तीत बसची वर्गणी मागायला कोणी आले, तर त्याला आधी विचारा: दारावर कोणाचे नाव आहे?

नमो बुद्धाय, जयभीम!